साडेतीन टनांची गाडी

५ जुलै, शनिवार. संध्याकाळी ७.४०

गाडी आली. डबल कॅब पिकअप, पुढे पाच सीट, मागे उघडा हौदा, पांढरी. सेकंडहँड आहे, पण सांगितल्याशिवाय कळत नाही. काशीगावच्या ज्या माणसाकडून घेतली त्याने चावी देताना विचारलं, माल कसला वाहणार? मी नुसता हसलो. माल वाहायला टेम्पो असतात. ही ओढायची गाडी आहे. त्याला कळलं नाही. आमच्या नवघरात तर कोणालाच कळणार नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागचे दोन फूट बाहेर राहतात. सेक्रेटरी म्हणाला, आत घ्या. मी म्हटलं, भिंत मागे घ्या.

एका ऑस्ट्रेलियन माणसाचा व्हिडिओ पाहिला. हीच गाडी. टोइंग कपॅसिटी, म्हणजे ओढायची ताकद, साडेतीन हजार किलो. साडेतीन टन. तीन वेळा पाहिला.

६ जुलै, रविवार

आजपासून: कमी बोलायचं. काम दाखवायचं.

रश्मी नाश्ता करता करता गाडीचं मॅन्युअल वाचत होती. बायको क्लासमध्ये दहावीचं गणित शिकवत असली की घरातलं कुठलंही छापील पान सुटत नाही. मॅन्युअल हे ज्यांना गाडी कळत नाही त्यांच्यासाठी असतं, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, हो, म्हणूनच वाचतेय.

८ जुलै. दुपारी, ऑफिस

संधी चालून आली. पास्कल, आमच्या लिफ्ट कंपनीतला सगळ्यात जुना मेकॅनिक, उत्तनला राहतो. त्याचा धाकटा भाऊ लॉयड मासेमारी करतो. लॉयडच्या बोटीला तळाशी तडा गेलाय. फायबरचं काम करणारा वर्कशॉपवाला पेणकरपाड्यात. एक ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठते, त्याआधी बोट पाण्यात हवी, कारण सुरुवातीचे दिवसच खरे कमाईचे. दरवर्षी क्रेनवाला ट्रक येतो, पण यंदा त्याला बावीस तारखेपर्यंत वेळ नाही.

मी म्हटलं, वीसला मी नेतो. पास्कल म्हणाला, कशाने? मी म्हटलं, साडेतीन टन. त्याने हातातला पाना खाली ठेवला. गेली एकोणीस वर्षं मी त्याचा सुपरवायझर आहे. हा आदर मला नवा नाही.

१० जुलै

मीरा रोडला कॉल. सहा माणसांची लिफ्ट. आत नऊ माणसं आणि एक फ्रिज. मधेच अडकली. बाहेर काढल्यावर त्यांना अर्धा तास सुनावलं. लिफ्टमध्ये कपॅसिटीची पाटी शोभेसाठी लावलेली नसते. एकजण म्हणाला, साहेब, थोडंसंच तर जास्त होतं. शिकलेली माणसं अशी का वागतात मला खरंच कळत नाही.

१२ जुलै

ट्रेलर बनवायला दिला. गेट-ग्रिलवाला, पेणकरपाडा. दोन चाकं, एक लांब सांगाडा, पुढे हुक. त्याने विचारलं, ट्रेलरला ब्रेक लावायचा का? मी म्हटलं, ब्रेक गाडीला आहेत. वेल्डिंग करणाऱ्याने वेल्डिंग करावं.

१३ जुलै, रविवार

रश्मीने मॅन्युअलमध्ये पेन्सिलने खुणा केल्या आहेत. तिचं म्हणणं असं: साडेतीन टन फक्त ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर. नसतील तर साडेसातशे किलो. शिवाय गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची एक मर्यादा आहे, त्यामुळे गाडीत जितकी माणसं आणि सामान बसेल तेवढं ओढायच्या वजनातून वजा. आणि ट्रेलरचं नाक हुकावर दाबून बसायला हवं, एकूण वजनाचा साधारण दहावा भाग. नाही बसलं तर मागचं शेपूट हलायला लागतं.

मी म्हटलं, गणित वेगळं आणि रस्ता वेगळा. ती म्हणाली, बोटीचं वजन किती? मी म्हटलं, साधारण. ती म्हणाली, साधारण म्हणजे किती? दहावीच्या पोरांशी बोलून बोलून हे असं होतं.

१५ जुलै

पास्कल म्हणतो, हायवेला वजनकाटा आहे, निदान रिकामा ट्रेलर तरी घालून बघू. मी म्हटलं, वजनकाट्यावर भंगारवाले जातात. त्याने खांदे उडवले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

१९ जुलै, शनिवार

ट्रेलर घेऊन उत्तनला जाऊन पाहणी केली. कॉनीमावशी, पास्कलची आई, सत्तरीच्या आहेत. त्यांनी आधी माझी गाडी पाहिली, मग बोट, त्यांच्या भाषेत होरी, मग ट्रेलरचं पुढचं टोक एका हाताने सहज वर उचललं. म्हणाल्या, "गारी बरी हाय. पन होरी जड हाय, बाबा." मी त्यांना हॉर्सपॉवर समजावली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वरती तू नेशील. खाली येताना तिला धरनार कोन?"

जुन्या माणसांना मशिनची भीती असते. जाताना त्यांनी सुके बोंबील दिले. घेतले.

२० जुलै, रविवार. दुपारी २.३०

घरी पोचलो. सगळे ठीक आहेत. बोट पोचली नाही.

संध्याकाळी ५.१५

नीट लिहितो.

चौदा माणसांनी मिळून बोट ट्रेलरवर चढवली. लॉयड म्हणाला, तड्यातून गळूनही आत पावसाचं पाणी साठलंय, काढून घेऊ. मी म्हटलं, वेळ नाही. हे मी म्हटलं, तो नाही. बोटीचं इंजिन आमच्या गाडीत मागे, जाळीपण मागे, मी, पास्कल, लॉयड आणि त्याचा एक खलाशी असे आम्ही चौघं पुढे. सपाट रस्त्यावर एकदम झकास. दोन-तीन लोकांनी मोबाइल काढून शूटिंग केलं.

डोंगरीच्या चढावर जळका वास आला. पास्कल म्हणाला, क्लच. मी म्हटलं, बाहेरून येतोय.

उतारावर ब्रेक दाबला. गाडी थांबत होती, बोट थांबत नव्हती. मागून कोणीतरी ढकलत असल्यासारखं वाटलं. मग मागचं डाव्या-उजव्या बाजूला झुलायला लागलं. आरशात बोट होती, मग नव्हती, मग माझ्या बाजूच्या काचेत होती. लॉयड ओरडला नाही. नुसतं "धरा" म्हणाला.

ट्रेलर रस्त्यावर आडवा झाला आणि बोट मागच्या बाजूने एका वाडीच्या कंपाउंडवर आदळली. समोरून एक बाई स्कूटरवर येत होती. ट्रेलरपासून हातभर अंतरावर थांबली. पुढे तिची लहान मुलगी उभी होती, दोन्ही हातांनी आरसे धरून.  बाईने स्कूटर बंद केली आणि बसून राहिली.

माझा पाय ब्रेकवरून निघत नव्हता. पास्कलने हातानं काढला.

२१ जुलै

कारणं: १) रस्त्याला उतार चुकीचा. २) वेल्डरने ब्रेकचा नीट आग्रह धरला नाही. ३) तिथे कंपाउंड बांधायची गरज काय होती.

ऑफिसात पास्कलने लिफ्टचा रोजचा रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला आणि गेला. रश्मीने एकच विचारलं, त्या बाईचं नाव काय? मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नाही.

२३ जुलै

काल क्रेनवाल्या ट्रकने बोट पेणकरपाड्याला नेली. म्हणजे त्याला वेळ होता, दोन दिवस थांबलं असतं तरी चाललं असतं. जाताना त्यांनी बोट आणि माझा ट्रेलर वजनकाट्यावर घातले, आत उरलेल्या पाण्यासकट. लॉयडने पावतीचा फोटो पाठवलाय. 

एक हजार आठशे चाळीस किलो.

काटा बिघडलेला असू शकतो.

रात्री जेवण झाल्यावर रश्मीच्या रफ वहीत मांडून पाहिलं. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला साडेसातशे. त्यातून पुन्हा आम्ही चौघं, इंजिन, जाळी. पान फाडून खिशात ठेवलं. काटा बिघडलेला नसावा.

२ ऑगस्ट, शनिवार

कालपासून सगळ्यांच्या बोटी समुद्रात आहेत. लॉयडची नाही. तळाच्या तड्याचं काम चार दिवसांचं होतं. मागची बाजू फुटल्यामुळे आणखी दहा दिवस.

मी रोज ऑफिस सुटल्यावर वर्कशॉपला जातो. रश्मीला सांगितलंय की कामावर देखरेख करतो. वर्कशॉपवाल्याने मला पॉलिश पेपर दिलाय आणि एक कोपरा दाखवलाय. बाकी कुठे हात लावायचा नाही असं बजावलंय. या माणसाला लोकांकडून काम करून घेता येत नाही.

६ ऑगस्ट

लॉयड येऊन गेला. माझ्याशी बोलला नाही. माझ्या कोपऱ्यावरून हात फिरवला, दोनदा. मग गेला आणि परत येऊन माझ्यापुढे एक मास्क ठेवला. फायबरची भुकटी नाकात जाते.

खोकला तीन दिवसांपासून आहे. हवामानामुळे असेल असं वाटलं होतं.

८ ऑगस्ट

पास्कल डब्यातला सुरमईचा तुकडा माझ्या ताटात ठेवून म्हणाला, विकत आणलाय. त्यांच्या घरी विकतचा मासा. मी खाल्ला. चव कळली नाही. काही म्हणायला हवं होतं. म्हणालो, चांगला आहे.

१० ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ६.००

बोट क्रेनवाल्या ट्रकवरून उत्तनला गेली. मी मागून गाडी चालवत होतो. गाडीत फक्त जाळी. उतारावर पहिल्या गिअरमध्ये उतरलो. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवू दे.

चर्चच्या फादरनी प्रार्थना केली. बोट पाण्यात ढकलली, माझ्याही हाताने. तळातून पाणी येतंय का बघायला लॉयड पहिली फेरी मारणार होता. पास्कल चढला, आणखी तिघं चढले. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एक पाय आत टाकला.

लॉयड वीस जुलैनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "समाधानभाऊ, तुमी नको. आज पाचच मानसां."

आवाजात राग नव्हता. मी पाय बाहेर काढला. तसंही कोणीतरी जबाबदार माणूस किनाऱ्यावर लागतोच.

भरती चढत होती. कॉनीमावशींनी वाळूत पडलेल्या, बोटीत गेलेल्यांच्या चपला गोळा केल्या आणि माझ्या हातात दिल्या. बोट लहान होत गेली, मग दिसेनाशी झाली. दीड तासाने परत आले. तळ कोरडा होता.

पाच जोड. एकही पाण्यात पडू दिला नाही.