गेटच्या आत

१२ जून
सकाळी दूध आणलं. बँकेत सही करून येताना मेलकावेरी भागातून आलो. विजीच्या कॉलेजवर कल्याणमंडपाची, लग्नाच्या हॉलची, पाटी लागली आहे. कमानीतलं कॉलेजचं सिमेंटचं नाव फोडलेलं नाही, वरून गुलाबी रंग दिला आहे. उन्हात अक्षरं अजून वाचता येतात.
दुपारी जेवलो नाही.

१३ जून
दुकानात तमिळ, बसमध्ये तमिळ, डॉक्टरकडे तमिळ. मराठी फक्त घरात, माझी बायको विजी आणि मी बोलायचो. ती गेल्यापासून घरात बोलणंच नाही. म्हणून हे लिहितो.

१८ जून
कृष्णमूर्ती आला – विजीचा धाकटा भाऊ. अक्षयाचं लग्न ठरलं, ७ जुलै. पत्रिका हातात देईना. विजीचं वर्षश्राद्ध सप्टेंबरात, त्याआधी मला मंगलकार्याला बोलावता येत नाही. शेवटी टेबलावर पेपराखाली सरकवून गेला.
मंडप कुठला ते मी नंतर वाचलं. विजीचं कॉलेज!

२० जून
मुलींचं कॉलेज, पुरुष गेटबाहेर. विजीच्या नोकरीची सगळी वर्षं तिला स्कूटरवर सोडलं, संध्याकाळी चिंचेखाली उभा राहिलो. आत कधी गेलो नाही. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, लॅब मागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर – एवढंच माहीत.
गावातल्या दोन-तीन व्यापाऱ्यांनी भाताच्या गोदामात सुरू केलेलं कॉलेज ते. ज्यांचे बाप लांब पाठवायला तयार नव्हते त्या मुली तिथे शिकल्या. पट्टीश्वरमच्या शेतकऱ्यांच्या, दारासुरमच्या विणकरांच्या. मग बायपासवर मोठी कॉलेजं निघाली, त्यांच्या बसेस दारात यायला लागल्या. शेवटच्या वर्षी विजीच्या वर्गात चार मुली. म्हणायची, "बरं झालं, प्रत्येकीला मायक्रोस्कोप मिळतो."
बंद झालं त्या दिवशी लॅबला स्वतः कुलूप लावून आली. रात्री दोसे केले. त्यावर कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही.

२४ जून
मंडपाच्या मॅनेजरला भेटलो. चंद्रमौली नाव, बोलायला चांगला. गेटवरच उभा होतो. विजीची लॅब आता जेवणाचा हॉल आहे. जुलैच्या मध्यावर आडी महिना लागतो, त्यात लग्नं नसतात, तेव्हा मागची इमारत पाडून ए.सी. हॉल बांधणार. ७ जुलैचं लग्न तिथलं शेवटचं.
एकदा बघता येईल का, विचारलं. किल्ल्या आचाऱ्याकडे, तो लग्न असेल तरच उघडतो, म्हणाला. "त्या दिवशी या सर. लग्नात कोण कुणाला विचारतं?"
मी दुखवट्याच्या वर्षात आहे ते त्याला सांगितलं नाही.

२५ जून
अक्काला फोन केला. माझी थोरली बहीण, दारासुरमला असते. विचारायला नको होतं.
"सेतू, वर्ष सरल्याशिवाय मांडवात पाऊल घालू नकोस. त्या पोरीला संसार करायचा आहे."
पुढे चाली-रीती सांगत राहिली. तिचं चूक नाही. पण सप्टेंबरात बघायला काय राहणार?

३० जून
अक्षया एकटीच आली. आत्याच्या फोटोपाशी बसली. लग्नाचं काही बोलली नाही. चप्पल घालताना म्हणाली, "आतोबा, आत्याकडून कुणीतरी यायला हवं ना?"
 

५ जुलै
नेसायची वेष्टी इस्त्रीला दिली.

७ जुलै
मुहूर्ताला गेलो नाही, अक्काचं तेवढं ऐकलं. मंगळसूत्र बांधून झाल्यावर पंगतीच्या वेळी गेलो. गेटपाशी पाय अडला. कृष्णमूर्तीने पाहिलं. "या भावोजी, आत या. बाहेर उभं राहायची सवय मोडा आता." हसत म्हणाला, पण डोळे भरले होते. अक्षया नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली. मी मागे सरलो. तिने पाय धरलेच.
वर गेलो. लॅबची काळ्या दगडाची टेबलं तशीच आहेत. वर कागद पसरून केळीची पानं मांडली होती. टेबलांच्या कडेची छोटी बेसिनं हात धुवायला. शेवटचं टेबल थोडं उंच चौथऱ्यावर, खिडकीशी. ते शिकवणाऱ्यांचं असणार. तिथे बसलो.
घंटा झाली की पोरी बाहेर यायच्या, विजी मात्र पाव तासाने. रोज. मायक्रोस्कोप पुसत होते म्हणायची. मी चिडायचो कधीकधी.
खिडकीतून गेट दिसतं. गेटबाहेरची चिंच दिसते. चिंचेखाली आज एक माणूस कुणाची तरी वाट बघत होता. घड्याळ बघितलेलंसुद्धा कळलं. खालून वर बघितलं तर मधल्या फणसाची पानंच दिसायची मला.
वाढपी दोनदा भात घेऊन आला. काय जेवलो आठवत नाही.

८ जुलै
काल एक लिहायचं राहिलं. जेवण झालं आणि हाताने पान पलीकडे मिटलं. लग्नात आपल्याकडे मिटायचं, मेल्याच्या जेवणात पलीकडे – विजी गेल्यापासून दर महिन्याच्या श्राद्धाला तेच केलं, हात तसाच गेला. अक्षयाच्या लग्नात! पंगत उठली होती, कुणी पाहिलं नाही. पान पुन्हा उघडलं. थोडं गोड पायसम राहिलं होतं, ते खाल्लं. मग आपल्याकडे मिटलं, आणि तिच्या बेसिनवर हात धुतले.