पालथा बसवलेला दगड

मास्तर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्याशी खोटं बोलायचाही कंटाळा आला आहे. जुन्या जालन्यातून नव्या जालन्यात जाताना कुंडलिकेवर लागतो तो दगडी पूल काही डोक्यातून जात नाही. निजामाच्या शाळेत तुम्ही आम्हाला फारसी शिकवायचात, पण जीव सगळा त्या पुलात. एकदा अख्खा वर्ग तिथं नेलात. कठड्यातल्या एका शिळेवर कागद धरून आम्हाला कोळसा घासायला लावलात आणि उमटलेली अक्षरं मला वाचायला सांगितलीत. गावात सगळे तो पूल कुठल्याशा सुभेदाराचा म्हणून सांगत, म्हणून मी तेच नाव शोधत होतो. तुम्ही खेकसलात, "सुभेदाराला काय हुडकून राह्यला? त्यानं एक दगड तरी उचलला का? बांधणाऱ्या गवंड्यांची नावं हायेत ती. बराबर वाच."

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. झडत्या होणार अशी आवई उठली आणि तुमच्या घरी काकूंनी घाबरून फारसी अक्षर दिसेल तो कागद चुलीत घातला. तो ठसा गेला, आमच्या परीक्षेच्या वह्याही गेल्या. "दोन टायमाच्या भाकरी झाल्या माझ्या फारसीवर," असं तुम्ही नंतर हसून सांगायचात, पण ते हसणं मला कधी खरं वाटलं नाही. शाळा मराठी झाली, फारसी बंद पडली आणि तुम्हाला खालच्या वर्गांच्या पाढ्यांवर बसवलं. मी बांधकाम खात्यात चिकटलो होतो. पुढे आपला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तिकडचे नवे साहेब आले. आम्ही निजामाकडची माणसं म्हणजे जरा कमअस्सलच, असं त्यांच्या बोलण्यात असायचं. मी सही मराठीत घोटून घोटून बसवली.

त्याच सुमारास पुराने पुलाचा कठडा पडला. दगड नदीतून काढून पुन्हा रचायचं काम माझ्याकडे आलं. आदल्या दिवशी साहेबांनी विचारलं होतं, "तुम्हाला उर्दू-फारसी येत असेल ना?" मी म्हटलं, "छे, कधीच विसरलो." दुसऱ्या दिवशी तुमची शिळा वर आली. मिस्त्री म्हणाला, "ह्याचं हे अंग लई साफ हाये. खाली घालतो, मंग बिलकुल हालायचा न्हाई." गवंड्यांची रीतच ती. सपाट अंग खाली, वर पुढचा थर. एवढंच म्हणायचं होतं, की थांबा, हा दगड बाजूला ठेवा. पण साहेब चार हातांवर उभे होते. मी ती अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि म्हणालो, "घाला." त्याने चुना पसरला आणि शिळा पालथी बसवली. गवंड्यांची नावं एका गवंड्यानेच झाकली. त्याचा काय दोष, त्याला वाचता येत नव्हतं.

पुढे नगरपालिकेने पुलावर इतिहासाची पाटी लावायचं ठरवलं. तिच्यावर गवंड्यांची नावं घाला म्हणून तुम्ही अर्ज केलात. ते म्हणाले, "मास्तर, शिळा दाखवा, मंग लिहू तुमची नावं." तुम्ही रोज सकाळी काठी घेऊन कठड्याचा दगड न् दगड बघत फिरायला लागलात. लोक हसायचे. म्हाताऱ्याने थाप मारली आणि आता अंगाशी आली, म्हणायचे. एक दिवस तुम्ही माझ्या कचेरीत आलात. पाणीसुद्धा घेतलं नाहीत.

"तू होतास ना रे कामावर? दिसली का शिळा?"

"न्हाई मास्तर. पुरात गेली असंल वाहून."

"एवढा जड दगड?" तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "बरं," म्हणालात आणि उठलात. तुम्हाला कळलं होतं का, हे मला अजून माहीत नाही. पाटी सुभेदाराच्या नावाची लागली. त्यानंतर तुम्ही पुलावर पाय ठेवला नाहीत. उन्हाळ्यात पात्रातून उतरून पलीकडे जायचात, पावसाळ्यात घरीच बसायचात. अशाच एका पावसाळ्यात गेलात. मला लाज वाटली, मास्तर, पण नोकरी जास्त प्यारी होती.

तुमच्यामागेही दगड काढता आला असता, सकाळभराचं काम. पुढे तो कठडाच पाडून नवा बांधला आणि जुने दगड कुठे कुठे भरावाला गेले. त्या आठवड्यात मी रजेवर होतो. रजा मुद्दाम घेतली होती.

गेल्या महिन्यात नात शाळेसाठी पुलाचा इतिहास लिहायला बसली. पाटीवरून सुभेदाराचं नाव उतरवून आणलं होतं तिने. मला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा सगळं सांगितलं, साहेब, चुना, तुमची काठी. तिने सुभेदाराचं नाव खोडलं, पेन सरसावलं आणि म्हणाली, "सांगा आजोबा, काय नावं होती?"

मी तोंड उघडलं. शेवटी तिने पेनाला टोपण लावलं.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. ती नावं शेवटची मी वाचली होती, मास्तर, आणि मी ती विसरलो.