समितीला सांगितलेली ताई

प्रिय ताई,

औषधाची वाट बघत दवाखान्याच्या बाकावर बसणारी तू आणि प्रयोगशाळेत त्या औषधामागे लागलेला मी, आपल्या दोघांची तक्रार एकच. कर्करोगाच्या संशोधनाला पैसा द्यायचा की नाही हे जे ठरवतात, त्यांना आपलं ऐकायला वेळ नसतो. पुलाला असतो, कारंज्याला असतो, कारण तिथे फीत कापता येते. पेशीचं उद्घाटन कोण करणार? म्हणून आम्ही शास्त्रज्ञ, ज्यांना चार लोकांत धड बोलता येत नाही, दरवर्षी इस्त्रीचे कपडे घालून लोकप्रतिनिधींच्या दारात जोडे झिजवतो. हे सगळं तू माझ्याकडून इतक्यांदा ऐकलंयस की मी तोंड उघडलं की भाऊजींना म्हणतेस, "अहो, भोंगा सुरू झाला, खिडकी लावा."

गोळ्या आता सोसतात ना? भाऊजी म्हणाले, तोंड आलं होतं ते बरं झालं आणि तू पुन्हा भांडायला लागलीस. मागच्या खेपेला नर्सबाईंना शीर सापडेना, तेव्हा तू त्यांना ऐकवलंस की एवढ्या वेळात मी अख्खी बस वळवते. बिचाऱ्या हसता हसता पुन्हा चुकल्या. तू कामावर परतलीस त्या दिवशी मी न सांगता तुझ्या बसमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो. तू आरशात बघितलंस आणि भर गाडीत ओरडलीस, "ए शास्त्रज्ञ, तिकीट काढलंस का?" माझे डोळे भरून आले होते आणि माझ्याकडे सुट्टे नव्हते.

एक गोष्ट मी तुला कधी स्पष्ट सांगितली नाही. तुझ्या गोळ्या दुकानात मिळत नाहीत, त्या आमच्या चाचणीतून येतात. चाचणीच्या पुढच्या टप्प्याचा पैसा एका समितीच्या हातात आहे. तो आला नाही, तर चाचणी बंद आणि तुझं औषधही बंद.

नव्या संशोधकांना या भेटींसाठी मीच तयार करतो. आलेख घरी ठेवा, एका माणसाची गोष्ट सांगा, एकच मागणी करा. आणि रुग्णाची गोष्ट आधी त्याला वाचून दाखवा, त्याचा होकार घ्या, पदरचा एक शब्द घालू नका. हा नियम माझा. तो मोडला म्हणून एका नव्या संशोधक मुलीला मी सभागृहाच्या पायऱ्यांवरून परत पाठवलं होतं. तिने मान खाली घातली होती आणि मी वर तत्त्वांवर व्याख्यान दिलं होतं.

सोमवारी समितीपुढे सुनावणी होती, टीव्हीवर दाखवत होते. माझ्याआधी बरे झालेले रुग्ण बोलले, जीव ओतून बोलले. एक सदस्य फोनवर बोट फिरवत होते, दुसरे शेजाऱ्याशी कुजबुजून हसत होते. अध्यक्ष म्हणाले, "बरे झालात ना? छान झालं. पुढचे कोण?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंत माणसाची यांना किंमतच नाही, मेलेलाच हवा यांना! मी उठलो आणि म्हणालो, माझी मोठी बहीण बस चालवायची, या औषधाची वाट बघत ती मेली.

कुजबुजणारे सरळ होऊन बसले. फोन पालथा पडला. ते मला दिसलं, ताई, आणि तरी मी थांबलो नाही. तुझ्या रिकाम्या सीटचं वर्णन केलं, चांगलं घोटीव. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. बाहेर लोकांनी माझे हात हातात घेऊन सांत्वन केलं आणि मी ते घेतलं.

मंगळवारी तुझ्या डेपोच्या साहेबांचा फोन आला. "टीव्हीवर म्हणालात, बहीण गेली. मग आत्ता समोर गाडी मागे घेत माझ्या नावानं खडे फोडतेय ती कोण?" मी म्हणालो, तिला सांगू नका, मीच सांगेन. ते म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं," आणि फोन ठेवला. आमच्या प्रमुखबाई म्हणतात, उकरू नकोस, मतं आपल्या बाजूने वळलीत. मला मात्र ते पटत नाही. आमचं काम खरं आहे याचा तुझ्याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही. तू जगलीस, आणि माझ्या भाषणाला ते तोकडं वाटलं.

येत्या गुरुवारी मतदान आहे. मी खोटं बोललो असं आज सकाळी अध्यक्षांना कळवलंय आणि ते सगळ्यांसमोर सांगायला वेळ मागितलाय. चिडून त्यांनी प्रस्तावच फेटाळला, तर तुझ्या गोळ्या माझ्या जिभेमुळे थांबतील. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितोय. हवं तेवढं बोल मला, भाऊजींनाही बोलू दे. पण एक मागणं आहे, आणि या वेळी ते आधी तुझ्यापुढे ठेवतोय. मी कबुली देईन आणि खाली बसेन. त्यानंतर त्या माणसांशी तू बोलावंस, तुला वाटेल ते, माझ्या विरुद्धसुद्धा. मी एक शब्द लिहून देणार नाही. ताई, गुरुवारची सकाळची पाळी बदलून घे आणि समितीपुढे ये.

तुझाच,
धाकटा