गोदेकाठचा पालथा दगड

३ मे
माझा धुण्याचा दगड उलथवला. इचारलं सुदीक न्हाई. माझ्या लेकानं, दत्तानं, नदीकाठच्या रानात दोन खोल्या बांधल्यात, सुट्टीला पुण्याचे लोक येऊन राहत्यात. त्यातल्या एका चष्मेवाल्यानं पहार घालून दगड पालटला. खाली कोरीव निघालं. नाचायलाच लागला. "आजी, हा इतिहास आहे!" म्हनलं, इतिहास असंल, पर त्याच्याखाली माझी गोधडी दबलीया. ती आधी काढ.

४ मे
दत्तानं दगड अंगणात उभा केला. कोपरात वाकलेला बाईचा हात, मनगटभर बांगड्या, वर चंद्र-सूर्य. सतीचा दगड. पाहुणे फोटो काढत्यात. सूनबाईनं, मंगलनं, हळदकुंकू लावलं. मी पाठ करून बसले. जेवले न्हाई. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई, बरं झालं.

५ मे
सिमेंटच्या ओट्यावर धुणं. आवाजच येत न्हाई मेला.
त्या दगडावर आमी दोघी धुवायचो, मी अन् धाकटी जाऊ कौसा. गोधडी पिळताना एक टोक तिच्याकडं. मुद्दाम सोडायची, मी गाळात बसायची. मग ती नदीभर हसायची. असली अवदसा.

७ मे
आज सगळं आठवलं, लिहून टाकते.
कौसाचा नवरा गेला तवा ती बावीसची. हा दगड तवा घाटावर उभा व्हता. आत्याबाई, आमची सासू, दर सोमवारी तिला त्याच्यापुढं नेऊन उभी करायची. "बघ, ही गेली नवऱ्यासंगं. अन् तू भाकरी मोडतीस." कौसा दिवसभर पाणी पेयाची न्हाई. श्रावणात पूर ओसरला, त्या सोमवारी पहाटं मी पहार घेतली.
"आक्का, पाप लागंल."
"लागू दे. निम्मं तुझं, निम्मं माझं. धर ते टोक."
पालथा घातला. त्याच्यावर पहिलं लुगडं आपटलं ते आत्याबाईचंच. तिला सांगितलं, सतीचा दगड पुरानं नेला. दोघींबिगर कुणाला सांगायचं न्हाई, असं ठरलं.
पुढं जमिनीच्या वाटणीवरनं आमची तोंडं फिरली. ती सिरसाळ्याला लेकीकडं गेली. एवढी भांडली, पर दगडाचं बोलली न्हाई. मी बी न्हाई.

९ मे
दत्ता फळा रंगवून घेतोय. "आमच्या घराण्यातील पतिव्रता." रविवारी पूजा, पाहुण्यांना पुरणपोळी.
"आये, तुला ह्या दगडाचं कायतरी ठावं हाय. सांग की पाहुण्यांना. कावून गप बसतीस?"
"ठावं हाय. पर त्यातलं निम्मंच माझं."
त्यो परत फळ्याकडं वळला. फळ्यावरची अक्षरं लई मोठी काढल्यात.

१० मे
सगळे नदीवर गेलते तवा पहार लावून बघितली. दगड वीतभर हलला, परत बसला. कंबर धरली. एकटीचं काम न्हाई ते. तवा बी नव्हतं.

११ मे
रविवार उद्यावर आला. मंगलला समदं सांगितलं न्हाई, एवढंच बजावलं: सिरसाळ्याला फोन लाव. कौसाला म्हणावं, दगड परत उभा ऱ्हायलाय. पहारीचं एक टोक मी धरते. सांगायचं का पालथा घालायचं, ते तू ठरव.
तिच्या लेकीनं उचलला तर नुसतं फोन आईला दे म्हण. जावयानं उचलला तर ठेव.
उत्तर कौसानंच द्यायचं.