अबू खलीलची होडी

३ मार्च
शेडमालकाचा कारकून भाड्यासाठी आला होता. म्हणाला, इथे माल तर काहीच दिसत नाही. म्हणून लिहून ठेवतो, माझ्या हातचं काय काय आहे: बावीस फुटी होडी एक, कण्यापासून सुकाणूपर्यंत. वल्ही चार. फळ्या वाकवायची वाफेची पेटी, जुन्या गीझरची. करवतींच्या मुठी सगळ्या. शिकलो कुठे? कुठेच नाही. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उभं राहून बघत बघत.

११ मार्च
अबू खलील आला. होडी त्याची. निम्मे पैसे दिलेत, बाकीचे पाण्यात उतरली की. लढाई थांबून दुसरं वर्ष लागलं, मासेमारीचे नवे परवाने अजून बंदच. आज तह, उद्या तह मोडला, परवा पुन्हा बोलणी. इथे आखातात, हिद्दच्या बंदरात, सागाच्या फळ्यांचे भाव त्या बातम्यांबरोबर वरखाली. अबू खलील चहा पिऊन म्हणतो, "सबर करो उस्ताद. अगले महिने, इंशाल्ला." मागच्या महिन्यातही हेच. माणूस खोटा नाही, म्हणून जास्त चीड येते.

२ एप्रिल
उन्हं तापली. होडी पाण्यासाठी केलेली, कोरडी ठेवली की फळ्या आकसतात. पुढच्या टोकाला, नाळेकडच्या तिसऱ्या फटीत आज व्हिजिटिंग कार्ड गेलं. माझ्या कामात! पुन्हा तेलातला कापूस ठोकला. रोज सकाळी ओली गोणपाटं घालतो.
बायको, सुनीता : "तुळशीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाहीत, आणि लाकडाला न्हाऊ घालताय."

१९ एप्रिल
व्हिसा जुलैत संपतो. शेड चालू दिसली नाही तर नवा कशावर मिळणार? सुनीता म्हणते, गावी जाऊ. गावी सगळ्या फायबरच्या होड्या. मी काय, पंक्चर काढू? तन्वी मोबाइलमधून मान वर न काढता, "बाबा, जस्ट सेल इट ना." कोणाला विकू? समुद्रच बंद.

६ मे
सुजित म्हणून एक पुण्याचा. हॉटेलांची सजावट करतो. होडीवरून हात फिरवला, "काका, काय ऑथेंटिक काम आहे." मग टेप काढली. होडी मोजली नाही, शेडचं दार मोजलं. आकडा सांगितला. जुलैचा प्रश्न मिटतो. विचार करतो म्हटलं. का म्हटलं?

७ मे
अबू खलीलला फोन केला. होडी त्याची, त्याला विचारायला नको? वाटलं, भांडेल. तर म्हणतो, "बेच दो उस्ताद. मेरा पैसा भी रख लो. मैं बूढ़ा आदमी, अब कौन सा समुंदर."
इतका राग मला परवान्यांचाही आला नव्हता. एवढ्यात थकला? मग मी गोणपाटं कोणासाठी भिजवतोय?

९ मे
सकाळी गोणपाटं भिजवली. तिसरी फट मिटलीय. नखही जात नाही.
सुजितला नको म्हणून सांगितलं. सुनीता बोलत नाहीये, डबा मात्र दिला. अबू खलीलला अजून कळवलेलं नाही.
नंतर कोणी विचारलं तर नीट सांगता यावं म्हणून, सुजितचा बेत: होडी मधोमध कापायची, पुढचा अर्धा भाग जेवणाच्या हॉलात ठेवायचा, आत बर्फ भरून वर कोळंबी मांडायची. तीन हजार आठशे दिनार, रोख.