तेलाचा लाल दिवा

आबा, काल गाडीतला लाल दिवा विझला आणि मी स्टिअरिंगमागे बसून एकटीच टाळ्या वाजवल्या. तुम्ही असता तर म्हणाला असता, "लई नाचू नको, आदी बॉनेट लाव."

ही ह्यांची गाडी. हे गेल्यापासून मीच चालवते, बायांना नेकनूरच्या बाजाराला नेते-आणते. मागच्या आठवड्यात इंजिन चालू झालं तरी तेलाचा दिवा जाईना. परवा दीर म्हणाले, "वैनी, तेलाचं प्रेशर गेलं म्हंजी इंजिनच गेलं. कडा गावचं गिऱ्हाईक उद्या दुपारी येतंय, देऊन टाका." सीटवर ह्यांच्या पाठीचा खळगा अजून तसाच आहे. तो कसा देऊन टाकू?

तेव्हा तुमचं गॅरेज आठवलं. मी ऑइलच्या डब्यांवरची अक्षरं जुळवत बसलेय, आणि तुम्ही जीपखालून ओरडताय, "दिवा लागला म्हून कोनी इंजिन खोलतंय का? दिवा खोटं बोलतोय का ते बघा आदी!" माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली, तुम्ही तेलाचं प्रेशर मोजायचं गेज दिलंत. त्याची रबरी नळी बघून सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या बापानं बीपीचं मशीन दिलं व्हय?"

काल सकाळी तेच गेज काढलं. दिवा पेटवणारा सेन्सर खोलून त्याच्या जागी ते लावलं आणि गाडी चालू केली. काटा सरसर चढला, माझा जीव भांड्यात पडला. प्रेशर होतं. दिवाच खोटा. मग सेन्सर परत बसवला, पण त्याची वायर सुटीच ठेवून चावी फिरवली. दोष सेन्सरचा असता तर दिवा गेला असता. तो तसाच ढिम्म. म्हणजे वायरच वाटेत कुठेतरी लोखंडाला टेकून दिवा पेटवत होती. बोटानं चाचपत निघाले आणि बिब्ब्यापाशी थांबले. नजर लागू नये म्हणून बॉनेटखाली बांधलेला बिब्बा, पण काळ्या दोऱ्याऐवजी बारीक लोखंडी तारेनं, त्या वायरीसकट बोल्टला आवळलेला. इंजिन थरथरून थरथरून तारेनं वायरीचं प्लास्टिक कापलं होतं. तुम्ही किती वेळा बजावलं होतं, "तिथं तार न्हाई बांधायची. दोराच बांध, तुटंल तर तुटंल."

तार काढली, वायरीला टेप गुंडाळला, बिब्बा दोऱ्यानं बांधला, वायर सेन्सरला जोडली. गाडी चालू केली आणि दिवा विझला.

गिऱ्हाईक आलं ते चहा पिऊन परत गेलं. संध्याकाळी सासूबाईंना आणि शेजारच्या तिघींना घेऊन कपिलधारला जाऊन आले. घाटात सासूबाई म्हणाल्या, "माझं लेकरू असतं तर लई हसलं असतं." मग आम्ही हसलो, थोडं ह्यांच्या वाटणीचंही.

दिरांनी विचारलं, "झालतं काय वैनी?" मी म्हटलं, उंदरानं वायर कुरतडली. आता सासूबाईंनी गाडीखाली पिंजरा लावलाय, आत भाकरीचा तुकडा.

पत्र गेजच्या डब्यात ठेवते. ती तार मीच बांधली होती, आबा. तुम्ही रागवाल म्हणून आधी तुम्हालाही उंदीरच लिहिला होता. ती ओळ खोडलीय.