आधी विसार, मग भाव

९ डिसेंबर

आटगावला जाऊन आले. हायवेला लागून नव्या गाड्यांची शोरूम आहे, तिथे. दत्तू भावोजींना, म्हणजे धाकट्या दिरांना, सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधी चहा, मग शर्ट बदलणं, मग उद्या जाऊ.

फरशी इतकी चकचकीत की मी दारातच चपला काढल्या. एक मुलगी धावत आली. "काकी, घाला गो चपला, फरशी गार हाय." वाशिंदची, नाव प्रणाली. पुढे नुसतं प्र. लिहीन. तिने काचेमागच्या गाड्या दाखवल्या, किमती सांगितल्या. मी बरं बरं म्हणत होते, पण मागच्या खिडकीतून आवार दिसत होतं आणि तिथे एक छोटी गाडी एकटी उभी होती. ताकासारखा रंग. म्हटलं, ती बघू.

तिला विचारलं, "गाडीचे दात कुठे बघायचे?" ती बघतच राहिली. मग सांगितलं, बैल घेताना दात बघतात, वय कळतं. हसली खूप. मग दार उघडून कडेची पट्टी दाखवली. गाडी बनल्याचा महिना असतो त्यावर. ऑगस्ट. म्हणजे पावसाळ्यात आली आणि तेव्हापासून उघड्यावर उभी. चाकांखाली गवत उगवून वाळलेलं.

आत बसले. दार लावलं तसा हायवेचा आवाज एकदम लांब गेला. किती वेळ बसले माहीत नाही. बाहेर आले आणि पाकिटातून एकशे एक रुपये काढून प्र.च्या हातावर ठेवले. "विसार," म्हटलं.

भाव ठरलाच नव्हता. हे एसटीत बसल्यावर लक्षात आलं.

१० डिसेंबर

भावोजींना सांगावं लागलं.

"वयनी, भाव कितीला झाला?"

"नाय झाला अजून."

"मंग इसार कशाचा दिला?"

"गाडीचा."

"अवो, दावं हातात धरून कोन भाव करतं का! म्हशाच्या जत्रेत बैलबाजारात आसता तर पोरांनी टाळ्या पिटल्या आसत्या."

खरं आहे. आधी भाव, मग विसार. विसार दिला की जनावर आपलं. दुसरीकडे बघायचं नाही, माघार नाही. मी उलटं केलं. आता शोरूमवाल्यांनी म्हणावं ती किंमत आणि मी द्यावी. वाईट वाटायला हवं होतं. दिवसभर मात्र तो ताकाचा रंगच डोळ्यांपुढे.

१४ डिसेंबर

पहाटे स्वप्न. भात कापून झालेलं आपलं वरचं शेत, धुकं, त्यात ती गाडी हळूहळू चालली आहे. मागच्या सीटवर हे झोपलेले, पंचा तोंडावर. चालवायला कोणी नाही. मी बांधावर उभी, आणि मला काळजीच वाटत नव्हती.

ह्यांनी जन्मभर शहापूर-मुरबाड जीप चालवली, शेठची. मला चालवायला शिकवलं ते ह्याच शेतात, उन्हाळ्यात, शेठला न कळू देता. "आपली गाडी आली का तू चालव. मी मागं झोपतो." पॅसेंजर जीपमध्ये पुस्तकं विसरून जायचे, ती हे घरी आणायचे. चौथीनंतरची माझी शाळा ती. कुणाचं अर्धं गाईड, कुणाची कादंबरी, एकदा नुसतं होमिओपॅथीचं. ज्याची असेल त्याला परत द्यायचे, म्हणून मी घाईघाईने वाचायची.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. लायसन गेल्या वर्षी काढलं. माळावरच्या वरकस जमिनीची पट्टी सरकारी रस्त्यात गेली, त्यातले माझ्या वाटणीचे पैसे आहेत. एवढंच माझं म्हणून आहे. ते नीट जावेत. कुणी लुबाडलं असं नको. मी कुणाला लुबाडलं असंही नको.

१९ डिसेंबर

रेखाचा कल्याणहून फोन. लेक आहे पण बोलते सासूसारखी.

"आई, कल्याणला याच्याहून कमीत मिळते. मी जावयांना पाठवते चौकशीला."

"विसार दिलाय."

"शंभर रुपयांसाठी अडून बसलीस?"

"एकशे एक."

फोन ठेवून दिला तिने. मग पुन्हा केला. म्हणाली, बरं, निदान एवढं लक्षात ठेव, एकतीस डिसेंबर उलटला की ती गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते. त्यांना ती काढायची घाई असणार. तू घाई करू नकोस.

शहाणी आहे पोर. ह्यांच्यावर गेली.

२३ डिसेंबर

भावोजींना घेऊन गेले. मॅनेजर साहेब भिवंडीकडचे, बोलायला नरम. काचेच्या खोलीत बसवलं. म्हणाले, दहा हजार सोडतो आणि पायाखालची मॅट फुकट. भावोजी खुर्चीत पुढे सरकले.

"साहेब, गाडी पावसात भिजलेली हाय. आनि आमच्या वयनीनं इसार पन दिलाय. आता तुमी मानसात या."

झालं. साहेब माझ्याकडे बघून गोड हसले. "अच्छा, म्हणजे काकींना गाडी आवडलीच आहे." त्यानंतर दहाच्या पुढे काही हललं नाही. बिस्किटं मात्र चांगली होती.

येताना भावोजी म्हणाले, "नाव पप्पूचं टाका. बायकांच्या नावावर गाडी कशाला, चालवनार तर तोच ना." पप्पू त्यांचा मुलगा. म्हटलं, चालवणार मी. ते खिडकीबाहेर बघत बसले. किन्हवली आली. मग म्हणाले, "बरं, रिव्हर्स तरी येतो का?"

२९ डिसेंबर

संध्याकाळी प्र. घरी आली, स्कूटीवर. गार वाऱ्याने नाक लाल. आधी वाटलं कागदावर सही हवी असेल. तिने मोबाईलचं कव्हर काढलं आणि त्यातून माझे एकशे एक रुपये.

"काकी, हे घ्या. हे मी जमा नाय केले. कुठं करायचे तेच कळलं नाय."

"परत घेतले तर गाडी सुटली."

"सुटू द्या. तुमी अडकलाव म्हणून साहेब हलत नाय. तुमी उठून जानार नाय हे त्यांना माहीत हाय ना."

मग हळूच सांगितलं. तीस हजारांपर्यंत सूट कंपनीच देते. त्याच्यावर गेलं की शाखेच्या अंगावर येतं, म्हणजे विकणाऱ्यांच्या कमिशनमधून कापतात. साहेब वीस हजार मागे ठेवून बोलत आहेत.

"हे मला सांगून तुझं काय होईल?"

"काय नाय हो. मला ती गाडी जायला हवी आवारातून. रोज बघते."

वालाची उसळ आणि भाकरी खाऊन गेली. पैसे मी घेतले. ती गेल्यावर ओट्यावर बसले. आज ती गाडी कुणाचीच नाही.

५ जानेवारी

वर्ष बदललं. प्र.चा निरोप, भिवंडीचा एक माणूस गाडीत दोनदा बसून गेला. रंग बायकोला दाखवतो म्हणाला.

मुरबाडच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडलं. एकच पान. डोळे ओळींवरून जात होते आणि मी गाडीत बसले होते, दार लावून, आवाज लांब गेलेला. त्या माणसाच्या बायकोला हा रंग आवडू नये. मग मनात आलं, आवडला तर आवडला. बाजार आहे. मग पुन्हा, आवडू नये.

१६ जानेवारी

म्हशाला जत्रेत गेलो, मी आणि भावोजी. मला घोंगडी हवी होती. बैल पूर्वीसारखे राहिले नाहीत, पण बाजार आहे. दोन म्हातारे समोरासमोर उभे, हातांवर पंचा टाकलेला, आणि आत बोटांनी भाव चाललेला. चेहरे दोघांचे दुसरीकडेच. एक पाळण्याकडे बघत होता, एक आभाळाकडे. भोवतीच्या माणसांना काही कळत नव्हतं. सरळ आहे. चारचौघांत खाली उतरलेला भाव दुसऱ्या गिऱ्हाइकालाही द्यावा लागतो.

ही बोटांची भाषा ह्यांनी सासऱ्यांकडून शिकून मला घरी शिकवली. पण आम्ही बैल कुठे घेणार. जीप भरली की मी पुढे ह्यांच्या शेजारी, मांडीवर पंचा. पॅसेंजर चढेपर्यंत हे पंचाखाली माझी बोटं धरून दिवसाच्या फेऱ्या सांगायचे. पूर्ण फेरीला पूर्ण बोट. रिकामी परत आली की अर्धी, त्याला बोटाचं मधलं पेर दाबायचं. मागे बारा माणसं बसलेली आणि कुणालाच पत्ता नाही.

त्या म्हाताऱ्यांपुढे इतका वेळ उभी राहिले की भावोजी म्हणाले, "बैल घ्यायचा इचार हाय का आता?"

तीन वर्षांत माझं बोट कुणी धरलेलं नाही.

१८ जानेवारी

गाडी अजून आहे. भिवंडीवाला आला नाही परत.

साहेबांच्या खोलीत पाच-सहा माणसं. एक गिऱ्हाईक शेजारीच बसलेलं, कान आमच्याकडे. मी पिशवीतून ह्यांचा पंचा काढला.

"साहेब, बोलून भाव होत नाही. हात द्या."

"काय काकी?"

"म्हशाला असंच करतात. एक बोट म्हणजे दहा हजार सूट. तोंडाने काही बोलायचं नाही."

लोक हसले. साहेबही हसले, पण शेजारच्या गिऱ्हाइकाकडे एकदा बघून त्यांनी हात पुढे केला. मी वर पंचा टाकला.

गार हात, मऊ. लिहिण्या-टायपण्याचा. ह्यांचा हात गिअरने घट्टे पडलेला होता. क्षणभर मला भाव आठवेना. नुसता हात धरून उभी. मग त्यांनीच माझी दोन बोटं धरली. मी चार. त्यांनी हात थोडा मागे ओढला. मी चौथं सोडलं, तीन घट्ट धरली आणि चौथ्याचं नुसतं मधलं पेर दाबलं. ते पंख्याकडे बघत होते. मी भिंतीवरच्या गाडीच्या चित्राकडे. 

हात काढून म्हणाले, "मालकांना विचारून सांगतो." चेहरा लाल.

एसटीत भावोजींचा जीव वर-खाली. "किती? किती वो? मला तरी सांगा!" नाही सांगितलं. जन्मात पहिल्यांदा.

इथे लिहून ठेवते. साडेतीन. तीन कंपनीची आणि अर्धं पावसाळ्याचं. एवढे दिवस उघड्यावर उभी ठेवली त्याचं काहीतरी शाखेने द्यावं, हे बरोबर आहे. त्याहून जास्त मागावं असं मला दिसत नाही.

२१ जानेवारी

दुपारी प्र.चा फोन. भावोजी समोर शेंगा फोडत बसलेले. फोनचा आवाज मोठा.

"काकी, पेढे काढा! मालक हो म्हणले. चार!"

"चार?"

"साहेबांनी तसंच सांगितलं ना. काकींनी चार बोटं धरली, खाली यायला तयार नाय, गाडी पन जुनी झालीय. चाळीस हजार सूट. उद्या येऊन बुकिंग करा."

 साहेबांना अर्धं बोट ठाऊकच नाही. मीच सांगितलं नव्हतं. एक बोट म्हणजे दहा एवढंच बोलले, पेराचं बोललेच नाही. बाजाराबाहेर ते फक्त ह्यांचं आणि माझं होतं. जगाला माहीत असल्यासारखं मी दाबलं.

विचारलं, "वरचे दहा कुणाचे जाणार गं?"

"ते बघू ओ. तुमी या तर." आवाज हसरा होता. 

भावोजींनी शेंगा खाली ठेवल्या. "वयनी, आता तोंडातून शब्द काढाल तर बगा. पंचाखाली झाला तो भाव. समोरच्या हातानं जे घेतलं ते घेतलं. बाजाराचा कायदा हाय."

आहे का तसा कायदा? अर्धं बोट उलटं कळलं, असं बाजारात कधी ऐकलं नाही. तिथे सगळ्यांनाच पेर माहीत.

हे असते तर काय म्हणाले असते, सांगता येत नाही. गेल्यावर माणसं फार चांगली होतात. एकदा गवताच्या व्यवहारात दोन भारे चुकून जास्त आले, तेव्हा हे घरी येईपर्यंत हसत होते. आणि एकदा मुरबाडला उतरलेल्या बाईचे सुटे द्यायचे राहिले, म्हणून जीप वळवून मागे गेले, तेव्हा आत बसलेल्या सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. दोन्ही तेच. कुठल्याला विचारू.

शाखेने पावसाळ्याचे पाच द्यावेत, हे माझंच म्हणणं. वरचे पाच उरतात. ते पावसाळ्याचे नाहीत, ते प्र.सारख्यांच्या कमिशनमधून जाणार. आणि साडेतीन म्हटलं आणि मालकांनी सगळंच पुन्हा उघडलं तर? साहेबांची फजिती, त्यांनी चार सांगितलेत. भिवंडीवाल्याची बायको रंग बघायला आली तर?

संध्याकाळी शेतावर गेले. कापलेल्या भाताची खुंटं, त्यावर ऊन. गाडी इथपर्यंत येईल, बांध थोडा मोडावा लागेल.

२२ जानेवारी, सकाळ

नऊच्या एसटीने निघते. भावोजी येत नाहीत. "तुमी काय तरी बोलून बसाल. ते माज्यानं बगवनार नाय." पण डब्यात पोहे त्यांनीच भरून आणले. आणि म्हणाले, "रिव्हर्स घेताना आरशात बगा, मान वळवू नका." म्हणजे गाडी येणार, हे त्यांनी धरलंय.

चेक घेतला, आधार घेतलं, दोन फोटो. पेढे आटगावलाच घेईन.

पंचा काल धुतला तो वाळला नाही. ओलाच वेगळ्या पिशवीत घातला. मग काढला. मग घातला. साहेबांपुढे हात करून पेर म्हणजे काय ते दाखवायचं, का नुसती सही करायची. शेजारी प्र. उभी असणार, माझ्या तोंडाकडे बघत. ती माझ्यासाठी—

एसटीचा हॉर्न वाजला वळणावर.